अळणी पथ्य

आमच्या शेळगावात त्या काळी बायकांनी उजाडायच्या आत ओढ्याकडे जायचं, नाहीतर दिवस मावळेपर्यंत कळ काढायची. पोटाला ही वेळ कुणी सांगितलेली नसते. मी टमरेल घेऊन बसायची. बाकीच्या बायका उठून, बोलत बोलत घराकडे लागायच्या. सासूबाई तेवढ्या थांबायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. थोड्या थोड्या वेळानं त्या लांबूनच विचारायच्या, झालं का गं. झालं असतं तर मी तिथं काय चांदण्या मोजत बसले असते? तांबडं फुटलं की तशीच उठायची, जड पोट घेऊन घरी यायची, आणि दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

हे सगळं पायापासून सुरू झालं. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना, उलट चिघळत गेली. शिवाय तहान अशी लागायची की घागरच तोंडाला लावावी, आणि प्यायलं की पुन्हा पुन्हा आडोशाला पळावं लागायचं. घरच्या सुनेनं दिवसाउजेडी असं पळायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी मालकांनी मला बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळं पाणी बघता बघता विटेच्या रंगाचं झालं. लघवीतून साखर जाते, म्हणाले. त्यावर टोचायचं औषध निघालं होतं, पण ते रोज टोचायचं, आणि आमच्या गावात टोचणार कोण? मग त्यांनी माझं खाणंच बदललं. भाकरी, भात, डाळ, गूळ, फळं, सगळं बंद. तूप, लोणी, अंडी, मटण आणि पालेभाजी यांवर राहायचं. हे पाळलं नाही तर पाऊल कापावं लागेल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रानात राबणाऱ्या बाईचं पाऊल गेल्यावर तिचं उरतं काय? पाळायचं, असं मी तिथंच ठरवलं.

गावाला वाटलं, हिची चैन झाली. घरात सगळे कांदा-भाकरी खाणार आणि माझ्या ताटलीत लोण्याचा गोळा. आजार असावा तर असा, म्हणायच्या शेजारणी. त्यांना आठवडाभर माझ्या जागी जेवायला बसवायला हवं होतं. भाकरीशिवाय लोणी घशाखाली उतरत नाही, आणि अंड्याच्या नुसत्या वासानं पुढं पुढं मला मळमळायचं.

पथ्याचा ताबा आत्याबाईंनी घेतला. आमच्याकडे पथ्य म्हणजे अळणीच. ताप येवो की कावीळ होवो, पहिल्यांदा मीठ बंद होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मालकांनी घरी येऊन सांगितलं, त्यात मिठाचं नावही नव्हतं. पण एवढं उघड आहे ते डॉक्टर कशाला सांगत बसतील, असं आत्याबाईंचं म्हणणं. मीठ घालायच्या आधी त्या माझी भाजी वेगळी काढायच्या, मला सगळ्यांच्या आधी चुलीपाशी जेवू घालायच्या, आणि मिठाचं मडकं उंच फळीवर ठेवायच्या. पाणीही त्यांनी तोडलं. पाण्यानंच रोग वाढला, असं त्या म्हणायच्या, आणि मलाही ते पटलं, कारण भाकरी सुटली तशी तहान खरंच कमी झाली. आडोशाला पळणं थांबलं. त्या लाजेतून सुटले याचाच मला इतका आनंद होता की घोटभर पाण्यावर मी दिवस काढू लागले.

पायाची जखम सुकायला लागली. पोट मात्र कुलूप घालून बंद केल्यासारखं झालं.

जो तो औषध सांगायचा आणि ते नेमकं गोड असायचं. इंदापूरच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या अत्तारानं गुलकंद सांगितला. शेजारीण काळ्या मनुका घे म्हणाली, जाऊबाई म्हणाली पिकलेली केळी. कुणी पपई सांगितली, कुणी दुधात गूळ. एक शहाणी तर म्हणाली, तूप खा, पोट सुटेल. मी तुपाशिवाय खात काय होते? तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एरंडेल उरलं. ते घेतलं तेव्हा दिवसभर मुरड्यानं जीव अर्धा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून पोट पहिल्याहून घट्ट. सोनामुखीच्या काढ्याचीही तीच गत. डोकं ठणकायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, उठून उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

एकदा अशीच बसले असताना पार उजाडलं. समोरून एक जण बैल घेऊन आला आणि मला लुगडं सावरत, लंगडत घर गाठावं लागलं. त्या दिवशी मी मालकांना सांगून टाकलं, "मी आज भाकरी खानार. पाय गेला तर जाऊ द्या."

मालक घाबरले. एकदा डॉक्टरांना विचारू, मग काय खायचं ते खा, असं म्हणून त्यांनी मला सर्व्हिस मोटारीत बसवलं. डॉक्टर मात्र खुशीत. जखम सुकत होती, नळीतलं पाणी निळंच राहिलं होतं. मालकांनी पोटाचं सांगायला सुरुवात केली आणि लाजून मधेच थांबले. मग मीच सगळं सांगितलं. लाजायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी जेवणाची चौकशी केली, तेव्हा मालक अभिमानानं म्हणाले, मिठाचा खडासुद्धा पोटात जाऊ दिलेला नाही.

"मीठ कुणी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मालक माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. भाकरी गेली तेव्हाच तिच्याबरोबरचा कोंडा आणि ओल गेली, म्हणाले, वर तुम्ही अंगात पाणी धरून ठेवणारं मीठ तोडलं आणि पाणीही तोडलं, मग आत जे आहे ते सुकून बसेल नाहीतर काय होईल? मीठ घालून ताक पी, तहान नसली तरी पाणी पी, पालेभाजी दुप्पट कर, एवढंच त्यांनी सांगितलं.

परत येताना मोटारीत मी रागानं धुमसत होते. इतके महिने मी भोगलं ते एका मडक्यापायी. घरात शिरल्या शिरल्या आत्याबाईंना सगळं ऐकवलं, थोडं जास्तच. मडकं फळीवरून काढून त्यांनी चुलीपाशी ठेवलं आणि त्या शेणाला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझं मी रांधायला लागले. चाकवत, तांदुळजा, अंबाडी, जे मळ्यात मिळेल ते, वर तूप आणि हवं तेवढं मीठ. ताक तांब्यानं प्यायचे. पोटऱ्यांतले गोळे आधी गेले. मग एका पहाटे, बाकीच्या बायका अजून बसलेल्या असताना, मी उठून उभी राहिले. आत्याबाईंना विचारायची वेळच आली नाही. थोरल्या मुलाच्या जन्मानंतर इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आत्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. मी काही हसले नाही, माझा राग अजून तसाच होता.

आता वेगळं जेवायचं कारण उरलं नव्हतं. एका दुपारी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी शेवटी बसलो. माझी भाजी संपली म्हणून मी त्यांच्या ताटातली चिमूटभर मेथी उचलून तोंडात टाकली.

"ह्यात मीठ न्हाय," मी म्हणाले.

"न्हाय."

"कवापास्नं?"

"तुझं बंद केलं तवापास्नं. देवाला बोलले हुते, पोरीचा पाय भरंपातूर मी बी अळणी खाईन."

"पर माझं मीठ सुरू झालंया की."

"तुझं झालं. देवाला कुठं डाक्टर ठावं हाय?"

मी उठून मडकं आणलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, पाय बघू. मी पाय पुढं केला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी जखमेच्या कडा दाबून बघितल्या. मधोमध हरभऱ्याएवढी जागा अजून ओली होती.

"न्हाय भरला अजून," म्हणाल्या, आणि पुन्हा जेवायला लागल्या.

असल्या बाईपुढं करायचं काय? मी मिठाचं ताक पुढ्यात घेऊन बसले, आणि त्यांचं अळणी ताट रिकामं होईपर्यंत त्याला तोंड लावलं नाही.