तीन महिन्यांची सुई

धाकटी दीड वर्षाची झाली तेव्हा मी पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलं. नवऱ्याने निरोधला साफ नकार दिला होता आणि गोळ्यांनी मला रोज सकाळी उलट्या व्हायच्या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "तीन महिन्यांतून एक सुई, मंग टेन्शनच नाई." सुई टोचून घेतली आणि त्याच दुपारी मी देवळीच्या बाजारात वांगी विकायला बसले.

बाराव्या दिवशी अंगावरून जायला लागलं. थोडं थोडंच, पण थांबेना. आमच्या घरात पाळीच्या बाईने स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. एरवी चार दिवसांचा प्रश्न असतो. या वेळी माझं ताट आणि गडू घराबाहेरच्या छपरीत गेले ते एकेचाळीस दिवस तिथेच राहिले. शेतात मात्र मला कुणी अडवलं नाही. पालक मीच कापायची, मेथीच्या जुड्या मीच बांधायची. त्यातलीच मेथी सासूबाई घरात नेऊन फोडणीला टाकायच्या.

एकदा न राहवून विचारलं, "मी तोडलेली मेथी चालते, अन् मी काऊन नाई चालत?"

"लई तोंड चालवून राह्यली आजकाल," एवढंच त्या म्हणाल्या.

ते खरंही होतं. मी सारखी चिडायची, नाहीतर रडायची. थोरलीच्या हातून पाण्याचा गुंड सांडला तर मी तिच्या गालावर पाच बोटं उमटवली. ती पाच वर्षांची होती.

मी पुन्हा केंद्रात गेले. सिस्टर कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "होते तसं पहिल्या पहिल्यांदा."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं घेतली असती का तू?"

दुसरी सुई मी घेतलीच नाही. एकदा शेतातून घरी येताच नवऱ्याला म्हटलं, "आता तुम्ही ऑपरेशन करून घ्या." तो काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "शेतात राबणारा माणूस हाय तो. कमजोरी येईन त्याले." त्या वेळी माझ्या डोक्यावर वांग्यांची भरलेली टोपली होती. नवऱ्याने ती उतरवायलाही हात लावला नाही.

रक्त थांबलं, मग सात महिने पाळीच आली नाही. दर महिन्याला, दिवस तर नाही गेले म्हणून, औषधाच्या दुकानातून गुपचूप तपासणीची पट्टी आणायची. वजनही वाढलं. बाजारातल्या बाया म्हणायच्या, सासर मानवलं वाटते.

पाळी परत आली तेव्हापासून मी पोरींना घेऊन समोरच्या खोलीत झोपते. नवरा काही दिवस घुश्श्यात होता, मग त्याने माझ्या आईकडे तक्रार केली. आईचा फोन आला. "असं करू नोको बाई. अशानं माणूस बाहेरच्या वाटेले लागते."

"लागू दे," मी म्हटलं. ती पुढे बरंच बोलत होती. मी फोन ठेवून दिला.