उपाशीपोटी एक गोळी

अगो रेखा, हे वाचायला निवांत बैस. तो मोबाइल आधी पालथा घाल. काल रात्री तू मला व्हिडिओ पाठवलास, ‘थायरॉइडची गोळी कायमची सोडा, निसर्ग तुमच्यासोबत आहे,’ आणि खाली लिहिलंस, ‘मावशी, करून बघू का?’ अगो, कल्याणला बँकेत बसून लोकांच्या सह्या भिंगातून तपासतेस, आणि स्वतःच्या गळ्याचा प्रश्न आला की कुणाचंही ऐकतेस? राग आला मला तुझा. पण तुझ्यापेक्षा जास्त राग त्या माणसाचा आला. व्हिडिओतल्या त्या पांढऱ्या कोटवाल्याला मी ओळखते. त्याच्या बादलीत मी कोपरापर्यंत हात घातला होता.

ते सांगायलाच लिहायला बसलेय. तुझ्यासाठी लिहितेय, पण बाकीच्या बायांनीही वाचावं.

मी आशाचं काम केलं, वय होईपर्यंत. आशा म्हणजे गावातलीच बाई, जी घरोघर फिरून पोटुशी कोण, ताप कुणाला, लस कुणाची राहिली ते बघते आणि सरकारी दवाखान्याला कळवते. माझं नाव वेगळं, पण गाव मला आशाताय म्हणूनच हाक मारतं. शाळा माझी सातवीपर्यंत. बाकीचं औषधांच्या खोक्यातले कागद वाचून आणि डॉक्टरांना विचारून विचारून शिकले. आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला. तुला माहीतच आहे.

गावात वनिता नावाची सून. नवरा मुरबाडला कंपनीत. पहिल्या वेळी दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. नंतर ती सुजायला लागली. आवाज घोगरा झाला, भर दुपारी शाल पांघरून बसायची. आमच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड निघाला.

हे जरा समजून घे, कारण सगळी फसवाफसवी इथंच होते. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक छोटी ग्रंथी असते. शरीर कुठल्या वेगानं चालायचं ते तिच्या रसावर ठरतं. रस कमी पडला की माणूस मंदावतो. अंग जड होतं, पाळी बिघडते, गर्भ टिकत नाही. आता रिपोर्टवर टीएसएच म्हणून आकडा असतो, तो त्या रसाचा नसतो. ती डोक्यातून ग्रंथीला मारलेली हाक असते. गडी नीट काम करत असला तर मालकाला ओरडावं लागत नाही. गडी पेंगायला लागला की हाक वाढते. म्हणजे आकडा वाढला तर ग्रंथीचं काम कमी झालं. आपल्या बाया मात्र म्हणतात, ‘माझा थायरॉइड वाढला.’ मी पण तसंच म्हणायची.

मॅडमनी वनिताला रोज एक गोळी लिहून दिली. दवाखान्यातून गोळ्या मी आणल्या, पाच स्ट्रिप, पन्नास गोळ्या. रबर लावलं, वर कागदाची पट्टी चिकटवली आणि माझ्या अक्षरात लिहिलं, ‘वनिता. उपाशीपोटी १ गोळी.’ दर आठवड्याला तिच्या दारावरून जाताना विचारायची, “गोळी घेतेस ना गो?” ती म्हणायची, “घेते ना ताय.” मी वहीत बरोबरची खूण करायची.

सहा आठवड्यांनी परत रक्त तपासलं. रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाइलवर आला. आकडा आधीपेक्षा वाढलेला. मॅडमना दाखवायच्या आधीच घरात त्याची चर्चा झाली. आणि त्याच दिवसांत तिची पाळी चुकली. मी किटवर लघवी तपासली. दोन रेघा आल्या. मॅडम फोनवर म्हणाल्या, “मावशी, उद्या सकाळी तिला घेऊन या. गोळ्याही आणा. पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी चालत नाही, ते सगळं आईकडून घेतं. आईलाच कमी पडलं तर हेही जाईल. आणि राहिलं तर त्याच्या मेंदूला कमी पडेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात. वनिताची सासू हिराबाय तांदूळ पाखडत बसली होती.

“वनिता कुठं?”

“मुरबाडला गेली, शेजारणीसंगती. तिथं शिबिर हाय थायरॉइडचं.”

“आणि दवाखाना?”

“दवाखान्याच्या गोळीनं तर वाढला. म्हसा गावच्या जत्रेत घोंगडी घ्यायला गेल्ते, तिथं हा कागद देत होते.” तिनं सुपाखालून कागद काढला. ‘थायरॉइड मुळापासून उतरवा.’ “तुज्या गोळीनं चढला, हे उतरवतात. तूच सांग, मी काय करू? एक पोर गेलं आमचं.”

तिच्यावर कशी रागवू? तिला नातवंड हवं होतं आणि हातात आकडा वाढलेला कागद होता. मी जीप धरली.

मंगल कार्यालयाचा हॉल भरला होता. दारात निळी बादली, तिच्यावर पाटी, ‘गोळीमुक्त जीवन’. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईनं आपल्या इंग्रजी गोळ्या त्यात टाकायच्या, मग आतल्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग तिला नंबर मिळायचा. स्टेजवर पांढऱ्या कोटात ते गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत होते. टेबलावर काढ्याच्या पुड्या आणि गळ्याला लावायचा लेप. वनिता तिसऱ्या रांगेत नंबराचा कागद धरून बसली होती.

“वनिते, गोळ्या कुठायत?”

ती बादलीकडे बघायला लागली.

मी बाह्या वर केल्या आणि हात घातला. कुणाच्या स्ट्रिप, कुणाच्या बाटल्या, एकीच्या तर रक्तदाबाच्या गोळ्या. थायरॉइडच्या शिबिरात बीपीची गोळी फेकून गेली होती बिचारी. बघून माझं डोकंच फिरलं.

सर खाली उतरले. “आजी, त्यात हात घालू नका. ते विष आहे.”

“माज्या गावच्या बाईचं विष हाय. मला मोजून परत न्यायचंय.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाय. तुमी?”

“मी निसर्गोपचार तज्ज्ञ आहे.”

“कुठं शिकलात?”

“हे ज्ञान कॉलेजात मिळत नाही.”

“बरं. मंग एक सांगा. हिचा टीएसएच वाढलाय. म्हणजे ग्रंथी जास्ती चालते का कमी?”

ते हसले. “वाढलाय म्हणजे जास्तच ना आजी. आपण तो चाळीस दिवसांत उतरवतो.”

रेखा, मला वाटलं होतं हा माणूस सगळं जाणून लबाडी करतोय. त्याला तर मुळातलंच ठाऊक नव्हतं. आमच्या बोलण्यातला चुकीचा शब्द त्यानं उचलला आणि त्याच्यावर हॉल भरवला.

“कमी चालते,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “दवाखान्यात कुणालाही विचारा. आणि या काढ्यात काय हाय?”

“फॉर्म्युला गुप्त असतो.”

“ही पोटुशी हाय. तिच्या पोटातल्या जिवाला गुप्त काय पाजताय?”

“पूर्ण नैसर्गिक आहे. साइड इफेक्ट शून्य.”

“धोतरापण नैसर्गिकच. आमच्या कुंपणाला उगवतो. देऊ का आणून?”

दोघी-तिघी हसल्या. दोघींनी उठून बादलीतून आपापल्या गोळ्या शोधून घेतल्या. बाकीच्या बसून राहिल्या. सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, “औषध कंपन्यांची माणसं कुठंही पोचतात.” आयुष्यभर चपला झिजवल्या, आणि मी कंपनीची माणूस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते मला अजून लागतं.

जीपमध्ये वनिताला खिडकीपाशी बसवलं आणि बादलीतून काढलेल्या तिच्या गोळ्या मांडीवर मोजायला घेतल्या. सात आठवडे झाले होते, म्हणजे एकोणपन्नास दिवस. पन्नासातली एक उरायला हवी होती. तीन स्ट्रिप अख्ख्या आणि चौथीत सहा. छत्तीस उरल्या होत्या.

“वनिते, तू घेतेस म्हणालीस ना?”

“घेते ना ताय. एक पण चुकवली नाय.”

“मंग ह्या?”

“त्या पुढच्या उपासांच्या.”

मला आधी कळेचना. मग तिनं माझी पट्टी बोटानं दाखवली. “तुमीच लिवलंय. उपाशीपोटी. माझा सोमवार आणि गुरुवार असतो. त्या दिवशी घेते. बाकीच्या दिवशी मी उपाशी कुठं असते? सासूबाय भाकर खाल्ल्याबिगर भायेर पाठवत नाय.”

सात आठवडे, आठवड्याला दोन. चौदा गोळ्या. हिशेब चोख होता तिचा. बाळासाठी धरलेले उपास तिनं मोडले नव्हते आणि बाळासाठी दिलेली गोळीही, तिच्या मते, एकदाही चुकवली नव्हती. चुकला होता माझा कागद. ‘रोज’ लिहायचं राहून गेलं होतं. मला वाटलं, ते काय सांगायचं असतं?

त्या सरांना तोंडावर बोलून आले होते, त्याचा सगळा तोरा जीपमध्येच उतरला. त्यांचा राग गेला नाही, पण त्या रागात आता मीही होते. आम्ही नीट बोललो असतो तर ही बाई त्या हॉलमध्ये गेलीच नसती. तिला वाटलं गोळी लागू पडली नाही. खरं तर गोळी तिला पुरती मिळालीच नव्हती.

डॉक्टर मॅडमनी पट्टी वाचली. “हे कोणी लिहिलं?”

“मी.”

त्यांनी पट्टी सोलून काढली. मग त्यांनी वनिताला जवळ बसवलं. “सकाळी उठल्यावर हातात पहिलं काय घेतेस?”

“झाडू.”

“आणि चहा?”

“पाणी भरून आल्यावर. तासभर तरी जातो.”

“मग झाडूच्या आधी गोळी. नुसत्या पाण्याबरोबर. रोज. सोमवार, मंगळवार, सण, उपास, काही बघायचं नाही. आणि उपास आता पुरे. मावशी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी देतील, ती ह्या गोळीनंतर चार तास तरी घ्यायची नाही. ती पोटात हिला अडवते.”

त्याच दिवशी रक्त घेतलं, डोस ठरवला. मी नवीन पट्टी लिहिली, ‘रोज. झाडूच्या आधी.’ हिराबायनं गोळ्यांची पिशवी झाडूच्याच खिळ्याला टांगली. काढ्याचं काय झालं, असं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “आशाताय, पुढच्या वेळी लिवताना सगळं लिव. आमी लिवल्यापरमाणं वागणारी माणसं.”

चार आठवड्यांनी आकडा उतरला. मग दर महिन्याला रक्त तपासलं. तिसरा महिना सरला त्या दिवशी हिराबायनं मला हाक मारून बसवलं आणि ताटात हळदीच्या पानातली गोड पातोळी वाढली. बाळंतपणाला वनिता माहेरी गेली, शहापूरच्या बाजूला. मुलगी झाली. तिच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासला, ठीक निघाला. पोरीचा आवाज असा की कसाऱ्यापर्यंत जावा.

मधल्या काळात मी घरोघर जाऊन प्रत्येकीच्या गोळ्या मोजल्या. “घेतेस ना?” विचारणं बंद केलं. “दाखव,” म्हणायला लागले. आणखी दोघी सापडल्या. एक फक्त चतुर्थीला घेत होती. दुसरी रोज घ्यायची, पण चहात बुडवून, कडू लागते म्हणून.

सरांचं काय झालं विचारशील. मी तालुक्याला लेखी तक्रार दिली. साहेब म्हणाले, “पुरावा काय?” मी म्हटलं, “बादली.” ते हसले, कागद ठेवून घेतला. पुढच्या महिन्यातलं शिबिर रद्द झालं, एवढं खरं. आणि काल ते तुझ्या मोबाइलमधून माझ्याकडे परत आले. कोट तोच. बादली आता दिसत नाही, कारण आता प्रत्येकीनं आपल्या घरीच गोळी फेकायची आहे.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. खोकला झाला की मी अडुळसाच उकळते. शहापूरला एक शिकलेले वैद्य आहेत, ते थायरॉइडच्या बाईला पहिलं विचारतात, “गोळी चालू आहे ना? ती माझ्या सांगण्यानं बंद करायची नाही.” औषधात काय आहे ते कागदावर लिहून देतात. मी माणूस त्यावरून ओळखते. जो काय देतो ते सांगत नाही आणि आधीचं टाकून दे म्हणतो, त्याच्यापुढे बसायचं नाही. आणि आमच्यासारख्यांनी रोज म्हणजे रोज असं लिहायचं, समोरच्याला कळलंच असेल असं धरून चालायचं नाही.

तर तू ये लवकर. शनिवारी सुट्टी असते ना तुला, तेव्हाच ये. पातोळ्या करते, पण त्या दुपारी. सकाळी उठलीस की आधी गोळी, मग तासाभरानं चहा देईन. आणि येताना गोळ्यांची पिशवी घेऊन ये, रिकाम्या स्ट्रिपही टाकू नकोस. मला मोजायच्या आहेत.