गव्हावरचं दळण

माझ्या घरात गहू येत नाही. पाहुण्यांनाही भाकरीच मिळते. ज्यांना तो अपमान वाटतो त्यांनी येऊ नये, असं मी तोंडावर सांगते. हा ताठा मला बहात्तरच्या दुष्काळाने दिला.

तेव्हा आम्ही बेलापुरात राहायचो. लेक चार वर्षांची. पोट फुगलेलं, हातपायांच्या काड्या, खाल्लेलं काही अंगी लागत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही, कणभरही पोटात जाऊ देऊ नका, नाहीतर पोर हाती लागायची नाही. मी म्हटलं, एवढंच ना? आमच्याकडे पोळी सणासुदीलाच व्हायची.

पण त्या वर्षी बाजारात ज्वारी-बाजरी दिसेना. रेशनवर मिळायचा गहू, नाहीतर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारीच. मिलो बघून सगळे नाकं मुरडायचे. मी दुकानदारापुढे पिशवी धरली आणि माझ्या वाट्याच्या गव्हाऐवजी मिलोच मागितला.

"बाई, लोक गव्हासाठी भांडत्यात, अन् तुमी जनावराचं खानं मागता?"

"माझी लेक खाते ते माणसाचंच खाणं. मोजा."

रांग हसली. हसू दे, मला काय त्याचं. घरी येऊन मी तो मिलो दोनदा निवडला, गव्हाचा एक दाणा राहू दिला नाही.

महिना झाला तरी पोर सावरेना. उलट दिवसभर झोपून राहायला लागली. मी डॉक्टरांना शिव्या घातल्या, मग रडले. काय चुकतंय तेच कळत नव्हतं.

एरवी मी दळणाचा डबा गिरणीत ठेवून घरी यायचे. एकदा तिथेच बसून राहिले. गिरणीवाले दादा भला माणूस. त्यांनी माझा डबा मुद्दाम मागे सरकवला, एका बाईचे गहू दळून होऊ दिले आणि लगेच त्यावर माझा मिलो ओतला. गिरणीच्या पोटात आधीच्या दळणाचं पीठ थोडं राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून तर बाजरीवर गहू टाकला की बायका भांडतात आणि गव्हावर बाजरी टाकली की गप्प बसतात.

"दादा, दर वेळी असंच दळता?"

"व्हय वैनी," ते कौतुकाने म्हणाले. "मिलोची भाकर लई चिरफाळती. पोरगी आजारी हाय, म्हनून मी आठवनीनं गव्हावर टाकतो. तेवढाच चिकटपना येतो."

इतक्या मायेने माझ्या पोरीच्या पोटात विष जात होतं. भांडावं तरी कुणाशी? तरी मी भांडले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. दादा मटकन पोत्यावर बसले.

"उद्यापासून पहिलं दळण माझं," मी म्हणाले. "आधी दगड झाडायचे. मग माझाच किलोभर मिलो दळून बाजूला काढायचा. ते पीठ मी घेणार नाही."

दळणाला आलेल्या बायका खवळल्या. एक नऊवारीतली थोराड बाई पुढे आली. "दुष्काळात पीठ टाकती? माज आलाय तुला."

"आलाय," मी म्हणाले. "लेक जगवायला माज लागत असेल तर तो मी करणार. आणि पीठ टाकत नाही. ज्याला हवं त्याने न्यावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला कडेवर घेऊन गेले. दादांनी मी यायच्या आधीच दगड झाडून ठेवले होते. त्यांनी तिला तराजूच्या पारड्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात दहा किलोचं माप ठेवलं. पोर वरच राहिली. दादांनी नजर फिरवली.

मग दर आठवड्याला दगड झाडणं, किलोभर पीठ बाजूला काढणं आणि पोरीला पारड्यात बसवणं ठरूनच गेलं. ते पीठ चार खेपा कुणी शिवलं नाही. पाचव्या खेपेला नऊवारीतली बाईच ते घेऊन गेली, आणि पुढे नेतच राहिली.

पावसाळा सरता सरता एके सकाळी माप वर गेलं आणि पोरीचं पारडं खाली टेकलं. दादा खुदकन हसले. ती बाई पीठ न्यायला शेजारीच उभी होती.

"हा बघा माझा माज," मी म्हणाले. "उचलून बघा."

तिने पोरीला उचललं, आणि किती तरी वेळ खाली ठेवलं नाही.