फ्लॉपी कोरी नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

राजारामपुरीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, जेमतेम चालतं. छंद एकच. जुने घरगुती कॉम्प्युटर जमवायचे, घरी सोल्डर मारून अडॅप्टर बनवायचे आणि ते आजच्या लॅपटॉपला जोडायचे. जुन्या मशीनमधली अक्षरं लॅपटॉपवर उमटली की लोक बघत राहायचे. मला ते आवडायचं — फार आवडायचं. ही सबब झाली का? असेल.

सहा वर्षांपूर्वी सुजाता आली. सरकारी दवाखान्यात नर्स. तिचे आप्पा वारणानगरला शिक्षक होते, नुकतेच वारलेले. कुणाकडून तरी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे. आयुष्य लिहितोय, म्हणायचे. प्रिंटर नव्हता, त्यामुळं घरात कुणी एक पान पाहिलेलं नव्हतं. आई हसायची — लिवत काय न्हाईत, नुसती टकटक हाय.

“आई हाय तोवर तिला वाचून दाखवायचंय, दादा,” सुजाता म्हणाली. मशीन आणि एकुलती एक फ्लॉपी ठेवून गेली.

त्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. खाचेवर चिकटपट्टी लावली की फ्लॉपी वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही. हे मी दहा जणांना शिकवलंय. पट्टी समोरच होती. मी लावली नाही — घाई झाली होती. कसली घाई? अडॅप्टर चालतो का, ते बघायची.

चालला. पहिलं पान लॅपटॉपच्या पडद्यावर दिसलं. आईनं थापलेल्या शेणीवरच्या बोटांच्या ठशांवर मी मोजायला शिकलो — असं पहिलं वाक्य होतं. मी पुढं वाचलंही नाही. खूश होऊन नक्कल काढायला घेतली, आणि दिशा उलटी दिली. फ्लॉपीवरचं लॅपटॉपवर यायचं, ते लॅपटॉपवरची रिकामी फाइल फ्लॉपीवर गेली. सगळीभर. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

दोन दिवस धडपडलो. काही परत आलं नाही.

मग सुजाता आली, सोबत आईही. बाकावर बसली, पदर सावरून, ऐकायच्या तयारीनं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी — शपथेवर सांगतो. बाहेर आलं ते वेगळंच. म्हटलं, फ्लॉपी कोरी आहे. पहिल्यापासूनच कोरी असणार.

आई बाकावरून उठली. मग लेकीला म्हणाली, “मी म्हणत हुतो न्हवं? नुसतं बसायचे गं त्ये.”

एवढी वर्षं थट्टेत म्हणत होती. त्या दिवशी तिला ते खरं वाटलं. हे मी केलं. फ्लॉपी चुकून पुसली — माणूस मात्र चुकून पुसला नाही.

मशीन सुजातानं मलाच देऊन टाकलं. तुमच्या तरी उपयोगी पडंल, म्हणाली. वर आभार मानले. मी ते घेतलं.

आई गेल्या वर्षी गेली, तेच खरं धरून. तिला सांगायचं आता राहिलंच. सुजाता अजून याच रस्त्यानं ड्युटीला जाते, दिसली की हात करते. मीही करतो.

तिच्या वडिलांनी लिहिलं होतं आणि ते मी पुसलं, एवढं सांगायचं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.