आजोळची विहीर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुलुंडला मी आणि माझ्या मैत्रिणीने पैज लावली, की वर्षभर ओळखीच्या लेखकांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही. म्हणून वाचनालयातून एका दलित लेखकाचं आत्मकथन आणलं. त्याच्या तहानलेल्या आईला गावातल्या एका विहिरीवरून दगड मारून हाकललं होतं. गावाचं, विहिरीच्या मालकाचं नाव वाचलं आणि मी हादरलेच. ते माझं आजोळ होतं आणि विहीर आजोबांची.

स्वयंपाकघरात धावत जाऊन आईला तो उतारा वाचून दाखवला आणि विचारलं, "आई, हे खरं आहे का गं?"

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मग काय, विहिरीला शिवू द्यायचं होतं त्यांना?"

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

त्या मे महिन्यात आजोळी जायला मी पहिल्यांदाच नकार दिला.