करंजवेळचं कबड्डीचं मैदान: पाडायचं की राखायचं

रुखसानाचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात आमच्या शाळेच्या मैदानावर होते, सातवीच्या मुलांचा खो-खो चालला होता. "मेघा, रविवारी ग्रामसभा आहे," ती म्हणाली. "मैदान पाडायचा ठराव मीच मांडलाय. भाऊंनी माझ्याशी बोलणं टाकलंय. तू येशील का?"

रुखसाना आणि मी कॉलेजात एकाच कबड्डी संघात होतो. ती चढाईला, मी कोपऱ्याला. आता मी शाळेत खेळ शिकवते आणि ती करंजवेळच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. भाऊ म्हणजे रामाभाऊ, तिचे गुरू. मुलीनं चड्डी घालून मातीत लोळायचं, हे तिच्या घरी कुणालाच पटत नव्हतं, तेव्हा रोज संध्याकाळी तिच्या अब्बांच्या ओटीवर जाऊन बसणारा माणूस. तेही मुद्द्याचं काही न बोलता. शेवटी अब्बाच कंटाळले आणि "घेऊन जा तिला" म्हणाले.

आणि मैदान म्हणजे समुद्राला लागून तांबड्या मातीचा चौक, तीन बाजूंनी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची गॅलरी, पश्चिमेच्या गॅलरीवर सिमेंटचं छत. कोळीवाडा आणि मोहल्ला, दोन्हीकडच्या बायामाणसांनी डोक्यावरून दगड वाहून ते बांधलं. तालुक्यात मुलींचे सामने पहिल्यांदा तिथेच भरले. मीही तिथे खेळले आहे, आणि सपाटून हरले आहे. ते पाडू नये असं मनात पक्कं ठरवूनच मी शनिवारी पहाटे गाडी काढली. रुखसानाला हे सांगितलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. वडखळपर्यंत ट्रकांची कोंडी होते, म्हणून उजाडायच्या आत ठाणं सोडा. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. काशीदच्या अलीकडे रस्ता अरुंद आहे आणि वळणावर समोरची एसटी तुमच्यासाठी थांबणार नाही. मुरूडला नाश्ता उरकून आगरदांड्याला या. तिथून गाड्या नेणारी मोठी बोट दिघीला सोडते. माणसाचं तिकीट किरकोळ, गाडीचं थोडं जास्त, पण खाडीला वळसा घालण्यातलं पेट्रोल वाचतं. सुट्टीच्या दिवशी रांग लागते. वेळा बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या.

बोटीवर माझ्या शेजारी टोपल्या घेऊन दोघी कोळणी बसल्या होत्या.

"उद्या सभा हाय ना गं?"

"हाय. पण रामाभाऊ उठतोय व्हय तिथनं? छताखाली बसून राहिलाय."

"पडलं डोक्यावर म्हंजे?"

छताखाली बसण्याचं रुखसाना मला काही बोलली नव्हती.

दिघीपासून करंजवेळ गाडीनं फार लांब नाही. रुखसानाच्या सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण केलं होतं. गावात खानावळ नाही, पण दोनतीन घरांत आधी कळवलं तर जेवण मिळतं. मी जेवले. रुखसाना नुसती भाकरी मोडत बसली.

"पावसाळ्याच्या शेवटी छताचा तुकडा पडला," ती म्हणाली. "पोरी सराव संपवून नुकत्या उठल्या होत्या. आयमन तिथेच बसायची, माझी मुलगी. खाऱ्या हवेनं आतलं लोखंड फुगलंय. इंजिनीअर बघून गेला. म्हणाला, डागडुजीचं वय गेलं."

"दुसऱ्याला दाखवलंस?"

"दाखवलं. तो पण तेच म्हणाला, फक्त जास्त गोड बोलून." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुला पण पाडायला नकोय ना? तोंडावर दिसतंय तुझ्या."

मी म्हटलं, "नकोय." ती उठून हात धुवायला गेली.

उन्हं उतरल्यावर आम्ही मैदानावर गेलो. पश्चिमेच्या गॅलरीपुढे दोरी बांधून लाल फडकी लावलेली. दोरीच्या आत, छताच्या बरोबर खाली, पांढऱ्या सदऱ्यातले भाऊ मांडी घालून बसलेले. छताचं सिमेंट जागोजागी सुटलं होतं आणि आतल्या गंजक्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मुलींचा सराव दोरीपासून लांब, पूर्वेच्या अंगाला चालू होता. भाऊ तिथूनच ओरडून त्यांना शिकवत होते.

"भाऊ, बाहेर या," रुखसाना म्हणाली.

भाऊ मुलींकडेच बघत राहिले. "मेघा ना तू? ये. तुझी पकड ढिली होती, आठवतंय मला." मग तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "तिला सांग, पाडायचं तर माझ्यासकट पाडा."

"भाऊ, वरचा तुकडा हलतोय."

"मीच वतलाय तो. न्हाय पडत."

रुखसानानं माझ्या हातात मोबाईल दिला, चपला काढल्या आणि दोरीखालून आत गेली. मी तिचा दंड धरला, तिनं तो सोडवून घेतला. पायऱ्या चढून ती भाऊंच्या शेजारी बसली.

"मग मी पण बसते," ती म्हणाली.

भाऊंचा चेहरा बदलला. "उठ. घरी सासू हाय, पोर हाय तुला."

"तुम्हाला पण सून-नातवंडं आहेत."

वरून वाळूसारखं काहीतरी झरलं. तिच्या ओढणीवर पडलं. तिनं झटकलंही नाही. मला पुढे जाववेना आणि मागेही फिरता येईना. पूर्वेकडचा आवाज थांबला होता. मुली खेळ सोडून बघत होत्या. मग आयमन चालत आली, तिच्यामागे एकेक करत सगळ्याच. मी "थांबा गं" म्हटलं ते कुणी ऐकलं नाही. दोरी ओलांडून त्या गॅलरीत चढल्या. काही भाऊंच्या बाजूला बसल्या, काही रुखसानाच्या. आयमन दोघांच्या मधे.

"खाली जा!" भाऊ पहिल्यांदाच घाबरून ओरडले. "हितं बसायचं न्हाय!"

"तुम्ही उठलात की उठू," आयमन म्हणाली.

रुखसानाचा रंग उडाला होता. हे तिच्याही मनात नव्हतं. भाऊंनी मान वर करून छताकडे पाहिलं, बराच वेळ. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चला. शेवटून उठा. पळू नका, धक्का नको." एकेक मुलगी दोरीबाहेर येईपर्यंत ते आतच उभे राहिले. सर्वांत शेवटी रुखसाना आणि ते आले. बाहेर आल्यावर रुखसाना मातीत बसली आणि तिला ओकारी झाली. भाऊंनी एका मुलीला पाणी आणायला पाठवलं. रुखसानाशी मात्र एक शब्द बोलले नाहीत.

ग्रामसभा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत झाली. बाहेरची म्हणून मी व्हरांड्यात उभी होते. आत आवाज चढले. कुणी म्हणालं, गॅलरी पाडून रस्त्याच्या कडेनं गाळे काढायचेत, सगळं त्यासाठीच चाललंय. गाळ्यांची कल्पना रुखसानाचीच होती, भाड्यातून मैदानाचा खर्च निघेल म्हणून. ती समजावत होती, पण तिचं ऐकत कोण होतं?

मग भाऊ उठले. "काल पोरी बसल्या माझ्यासंगं," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं, मी राखतोय." शेवटी म्हणाले, "गॅलरी पाडा. माती हलवायची न्हाय. गाळा एकपण न्हाय."

रुखसानानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गाळे काढून टाका ठरावातून." काही लोक तरीही उठून गेले, पण ठराव झाला. परतीच्या बोटीची वेळ होत आली होती. निघताना ती म्हणाली, "जिंकल्यासारखं वाटत नाही गं." मी तिला मिठी मारली. दुसरं काय करणार?

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. गेले तेव्हा माझं मत पक्कं होतं, आता तसं नाही. ते दगड एकावर एक चढलेले मला अजूनही हवे आहेत. पण छताखालच्या मुली डोळ्यांसमोर आल्या की हा हट्ट धरवत नाही.

परवा रुखसानाचा फोन आला. गॅलरी गेली. जांभ्याचे चांगले चिरे मैदानाच्या कडेला रचून ठेवलेत. सगळ्यांच्या उशिरा लक्षात आलं की इतकी वर्षं पश्चिमेची ती गॅलरी समुद्राचा वारा अडवत होती. आता संध्याकाळी माती थेट डोळ्यांत जाते. भाऊंनी पश्चिमेला सुरूची रोपं लावलीत.

"बोलतात का तुझ्याशी?" मी विचारलं.

"पाणी घालायला बोलावतात," ती म्हणाली.

झाडं वाढायला वेळ लागेल. तोवर मुली तोंडाला ओढणी बांधून खेळतायत.