अप्पांच्या नावावर पडलेली दुरुस्ती

निवृत्त होऊन लातूरला राहायला आलो, त्याला आता चार वर्षं होत आली. तरी ते प्रकरण काही मनातून जात नाही. त्यात ना खून, ना दरोडा. एका कागदातली एक तारीख बदलली होती, एवढंच. पण माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक त्याच प्रकरणात झाली, म्हणून ते सांगतो.

तेव्हा मी नांदेड जिल्ह्यात, मुखेडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. लहानसं ठाणं. आवारात लिंबाचं झाड, त्याखाली आल्यागेल्यासाठी एक लांब बाक. समोरच्या रस्त्यावर आठवडी बाजार भरायचा. सकाळची हजेरी झाली की हवालदार पितळी लोट्यातून चहा आणायचे आणि गावात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते सांगायचे. निम्मे तपास त्या चहावरच लागायचे. आता घरी साखर कमी घातलेला चहा पिताना त्याची फार आठवण येते.

एके दिवशी गावातल्या एका शिक्षण संस्थेचे सचिव तक्रार घेऊन आले. संस्थेच्या शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीत फेरफार झाला होता. पहिल्या क्रमांकावर असलेल्या बाईंची रुजू झाल्याची तारीख वर्षभर पुढे सरकवली होती. त्यामुळे त्या दुसऱ्या झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकावरचे गुरुजी पहिले. मुख्याध्यापकपद त्या यादीवरूनच ठरणार होतं. बाईंनी नेमणुकीचा मूळ आदेश जपून ठेवला होता, म्हणून बिंग फुटलं.

सचिव म्हणाले, चोर सापडलेलाच आहे, फक्त पकडा. त्यांच्या कार्यालयात पूर्वी एकाच यादीच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम साहेबांनी पाहिलेली’ अशा दहा-बारा फायली असायच्या आणि खरी कुठली ते कुणालाच ठाऊक नसायचं. त्याला कंटाळून त्यांनी संगणकात नवी प्रणाली बसवून घेतली होती. कागद कितीही वेळा बदला, प्रत्येक आवृत्ती वेगळी जपली जायची आणि कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहायची. मला हे फार आवडलं. स्टेशन डायरीतही खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. हा संगणक म्हणजे शिस्तीचा ठाणे अंमलदार आहे, असं मी सचिवांना म्हणालो. कौतुक जरा लवकरच केलं.

नोंदीत नाव होतं संस्थेच्या मुख्य लिपिकांचं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही तसंच म्हणतो. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, निवृत्तीला तीन महिने उरलेले. मी त्यांना चौकशीला बोलावलं आणि मुद्दाम लिंबाखालच्या बाकावर दिवसभर बसवून ठेवलं. अब्रूदार माणूस चारचौघांत बसला की लवकर बोलतो, हा माझा तेव्हाचा अनुभव. त्यात तो बाजाराचा दिवस. सगळा तालुका त्यांच्याकडे बघत गेला. दुपारी त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या, तो त्यांनी तसाच परत पाठवला.

संध्याकाळी मी विचारपूस केली. दरडावलं, समजावलं. अप्पा एवढंच म्हणाले, “नाव माझंच हाय साहेब. आता मी कुणावर बोट ठेवू?”

मला तो कबुलीजबाबच वाटला. त्यांना घरी सोडलं, पण दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदवायचा हे मनात पक्कं केलं.

सकाळी रेशनकार्ड हरवल्याचा दाखला हवा म्हणून एक बाई आल्या. त्या त्याच संस्थेतल्या शिपाई होत्या. दाखला बाजूलाच राहिला. इकडेतिकडे बघत त्या म्हणाल्या, “साहेब, अप्पा सकाळी येऊन आपल्या नावानं मशीन चालू करून ठेवतेत. मग दिवसभर ज्याला काम पडंल तो तिथं बसतो. दुपारी ते जेवाया घरी जातेत, तवाबी चालूच राहतंय. बंद केलं तर लोकाला वाटंल, अप्पाचा आपल्यावर इश्वास न्हाई.”

मी गुन्ह्याचे कागद बाजूला ठेवले. नोंद खोटी नव्हती. पण ती नावाची होती, हाताची नव्हती, आणि मी तेवढ्यावर एका माणसाला बाजारात बसवलं होतं.

मग तपास नव्याने धरला. ज्यांनी ती प्रणाली बसवली होती त्या इंजिनिअर बाईंना नांदेडहून बोलावलं. यादी बदलली त्या दिवशी अप्पांच्या नावावर यादीशिवाय आणखी कोणते कागद बदलले, ते काढायला सांगितलं. दुपारी सव्वा वाजता यादी बदलली होती. दीड वाजता पुन्हा यादी. आणि मध्ये, एक चोवीसला, एक लग्नपत्रिका.

पत्रिका होती संस्थेच्या कार्यालयातल्या अधीक्षकांच्या मुलीची. आपल्याकडे पत्रिकेचा मसुदा ऑफिसच्या संगणकावर होतो, यात नवल नाही. इंजिनिअर बाईंनी पत्रिकेच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या. फरक एकच होता. मुलीच्या थोरल्या मामांचं नाव निमंत्रकांत चौथं होतं, ते पहिलं झालं होतं. अधीक्षकांची सोयरीक यादीत पहिले झालेल्या त्याच गुरुजींच्या घरी जुळली होती, हे गावाला माहीत होतं. पण सोयरीक हा काही पुरावा नव्हे. सुरुवातीला कार्यालयातल्या सगळ्यांचे जबाब घेतले, तेव्हा अधीक्षकांनी तर लिहून दिलं होतं की त्या दिवशी बारालाच घरी गेलो, कार्यालयात परतलो नाही.

मी त्यांना ठाण्यात बोलावलं, आतल्या खोलीत खुर्ची दिली, चहा मागवला. यादीचं नावही काढलं नाही. लग्नाची तयारी कुठवर आली ते विचारलं. गडी खुलला. मग सहज म्हणालो, थोरल्या मामांचं नाव खाली राहिलं म्हणून कुरबूर झाली म्हणे.

“कुरबूर? निलंग्याहून फोनवर फोन,” ते म्हणाले. “लग्नालाच येत न्हाई म्हणले. मग म्या त्याच दुपारी जाऊन नाव वर घेतलं.”

“टायपिंग कुणी केलं?”

“म्याच. मानपानाचं काम साहेब, दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं?”

बोलून गेले आणि त्यांचा हात कपावरच थांबला. मी त्यांचा जबाब पुढे सरकवला. बारालाच घरी गेलो, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. अर्ध्या तासात सगळं सांगितलं. सगळ्यांची जेवणाची सुट्टी, चालू मशीन, होणाऱ्या व्याह्यांचं काम. मधेच मामांचा पुन्हा फोन आला, तर तेही लगे हात उरकलं. दुसऱ्याची ज्येष्ठता हिसकावणारा हा माणूस मेहुण्याची ज्येष्ठता मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळत होता. पुढे त्यांच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला.

इंजिनिअर बाईंनी जुनी आवृत्ती परत आणली. एक बटण दाबलं आणि यादीतल्या शिक्षिका बाई पुन्हा पहिल्या क्रमांकावर आल्या. मला मात्र त्या यादीचा हेवा वाटला. अप्पांचा बाकावरचा दिवस परत फिरवायला माझ्याकडे काही नव्हतं. लेखी क्लीन चिट दिली, पण ती सचिवांच्या कपाटात गेली. बाजारात कोण वाचणार?

नोंद खरी असली तरी ती अपुरी असू शकते, हे मी या प्रकरणात शिकलो. आणि ज्याला चौघांत उणं केलं, त्याला चौघांतच भरून द्यावं लागतं, हेही. कुठल्या प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेशात अप्पांच्या घरी गेलो. म्हटलं, चला, तुम्हाला कार्यालयापर्यंत सोडतो. जीप मुद्दाम आणली नव्हती. आम्ही भाजीच्या पाट्यांमधून, कापडवाल्यांच्या पालांमधून चालत निघालो. जो बघेल त्याला मी थांबून सांगत होतो की अप्पांचा काही दोष नव्हता, चूक माझी होती. लोक उठून नमस्कार करत होते. मला कानकोंडं होत होतं, म्हणून नकळत माझी पावलं भराभर पडायला लागली.

अप्पांनी माझी बाही हळूच धरली. “साहेब, जरा हळू चला,” ते म्हणाले. “आणखी समद्यांनी बघितलं न्हाई.”

मी पावलं आवरली आणि त्यांच्या चालीनं चालू लागलो.